तोलाराची वही

तीस वर्षं तंबाखूचे बोद तोललो मी या वखारीत.
यंदा मालकांनी काटा भिंतीला सारला,
खाली फळ्या मारून घेतल्या, दोन टोकांना दोन कड्या,
आणि म्हणाले, "बाळाप्पा, आता तू गुण मांड."
मांडलो. निपाणीत दुसरं काय मांडायला बसलोय?
पहिल्याच मॅचला सवयीनं
चौऱ्याहत्तरच्या पुढं 'किलो' लिहून सोडलो.
मैसूरचा कोच वाकून बघून गेला.
बोलला नाही काही. जिंकला होता नव्हं.

पोरं पगारी. हे गावाला पटेपर्यंत दिवाळी झाली.
चेंडू बडवायचा पगार?
हुक्केरीचा भरमू सहा फूट पाच,
दारात वाकायची सवय इतकी
की मोकळ्या माळावरही मधेच वाकतो.
मुदस्सर पंचाला तीन भाषांत शिव्या घालायचा,
पंचाला नेमकी चौथी यायची.
कोट्टायमचा जोबिन पहिला महिना
भाकरीकडं नुसता बघत बसला.
डिसेंबरात तीन-तीन खाऊ लागला
आणि त्याचे रिबाउंड वाढले.
हे माझं मत. वहीत नाही.

आमच्याकडं डावपेच म्हणून एकच होता: वास.
भिंतींनी साठ वर्षं ओढलेला.
पाहुणे दुसऱ्या क्वार्टरला शिंकायला लागायचे,
शिंकताना माणूस डोळे मिटतो,
उघडेपर्यंत भरमू दोन घालून माघारी.
घरी नऊपैकी सात.
बाहेर नऊपैकी एक, तोही दावणगेऱ्यात,
समोरच्यांचा उंच गडी जुलाबानं झोपला होता म्हणून.
हुबळीत हरलो, मंगळुरात हरलो,
मंगळुराहून येताना घाटात बस बंद पडली,
तिथं रस्त्यावर पोरं चेंडू टप्पे टप्पे करत उभी,
आणि एक ट्रकवाला थांबून विचारतो,
कुठली सर्कस ओ तुमची?

फेब्रुवारीत नवा माल आला.
आधी कोपऱ्यात चार बोद.
मग कडेच्या रेषेला टेकून चाळीस.
मालक म्हणाले, खुर्च्या वाचल्या.
जर्दा चाळणाऱ्या बायका बोदांवर चढून बसल्या,
तोंडाला पदर, वर नुसते डोळे,
कानडीत ओरडायच्या, "हाकु! हाकु!"
मराठीत ओरडायच्या त्या इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटची मॅच. जिंकलो तर चौथे.
एकोणऐंशी - ऐंशी, दोन सेकंद,
भरमूला दोन फ्री थ्रो.
पहिला आत. कडीला शिवलासुद्धा नाही.
मी पेन्सिल टेकवून बसलो,
आठ काढून झाला होता,
पुढं शून्य की एक तेवढं राहिलं होतं.
भरमूनं चेंडू दोनदा आपटला, वर धरला,
छातीत वारं भरून घेतलं
आणि नवा माल ओ, ताजा, उन्हाचा,
शिंकला.
चेंडू कडीवरून, फळकावरून
बोदांच्या पाठीमागं.
शोधायला चार माणसं गेली.
बायकांपैकी कुणीच हसली नाही.
जादा वेळेत आठनं हरलो.

पोरं गेली. दोन महिन्यांचा पगार राहिला,
भरमूचा फोन येतो, मी मालकांचं नाव सांगतो,
मालक माझं सांगतात.
फळ्या उचकटायला मजुरी कोण देणार,
बोद फळ्यांवरच रचले. लाकडावर ओल लागत नाही म्हणे.
काटा परत मधे आला.
थप्पी काल कडीच्या उंचीला गेली.
हमाल सिद्राम वर घाम पुसत उभा होता,
त्यानं टॉवेलाचा बोळा केला
आणि लांबून, मान वाकडी करून, सोडला.
गेला आत.
गौराक्का खालून म्हणाली, दोन.
यल्लव्वा म्हणाली, दोन कसे, लांबून होता, तीन.
वाद लागला. माझ्याकडं बघू लागल्या.
मी खाली बघितलो.
रेषा बोदांखाली होती.